पाण्याचा दगड

१३ एप्रिल १९९८, सोमवार

“ऊठ तिथून. ती पाण्याची बसायची जागा आहे.”

आईचं हे वाक्य आज कितीतरी वर्षांनी कानात आलं. मी तेव्हा पहिलीत असेन. मिलच्या चाळीत, महादेवाच्या देवळापुढे एक काळा दगड रोवलेला होता. माथ्याशी आडवी खाच, खाचेत शेंदूर. फार पूर्वी, होळकरांच्या राज्यात, खान नदीचं पाणी एकदा तिथवर चढलं होतं, त्याची ती खूण. आम्ही त्याला पाण्याचा दगड म्हणायचो. त्यावर बसून, पाय मातीत घाशीत मी चिंच खात होते. आई नळावरून येत होती. ती रागावली नाही, नुसतं एवढंच म्हणाली. पण मी अशी दचकून उठले, जशी कुणा म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवरच बसले होते.

आज त्याच देवळापाशी ऑफिसच्या जीपमधून उतरले. ओगले साहेब, मोजणी करणारे उपयंत्री जैन आणि नोंदी घ्यायला मी. नवा आदेश आला आहे. नदीच्या पुराचं पाणी आजवर जास्तीत जास्त जिथवर चढलं, तिथून नकाशावर रेघ मारायची. रेघेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नवं बांधकाम होणार नाही आणि आधीपासून राहणाऱ्यांना पट्टाही मिळणार नाही. जुन्या कागदांत या भागापुरती पुराची एकच खूण लिहिलेली आहे, ती म्हणजे हा दगड. जैननी खाचेपाशी पट्टी धरायला लावली, दुर्बिणीतून पाहिलं, आकडा सांगितला. मी लिहून घेतला.

मिल बंद होऊन वर्षं झाली, चाळीतली माणसं मात्र त्याच खोल्यांत आहेत. जमीन सरकारची ठरली तेव्हापासून सगळे पट्ट्याची वाट बघतायत. पट्टा म्हणजे राहत्या जागेचा सरकारी कागद. तो हातात आला की मग कुणी ‘उठा’ म्हणू शकत नाही. गजाननदादा, माझा थोरला भाऊ, तिथेच राहतो. देवळाच्या खालच्या अंगाला, आम्ही जिथे वाढलो त्याच दोन खोल्यांत.

कमलवहिनी दारात उभी होती. तिने हात हलवला. साहेब शेजारी होते, म्हणून मी मान खाली घालून वहीत पाहिलं.

१६ एप्रिल

रेघ मारली.

मी ट्रेसर म्हणून लागले होते, आता मानचित्रकार म्हणतात. काम तेच. खालच्या नकाशावर ट्रेसिंग अंथरायचं, टाचण्या लावायच्या, श्वास धरायचा आणि पेन ओढायचं. दगडाच्या पातळीने रेघ नदीकाठाने चालत आली, देवळाला वळसा घालून वर गेली. चाळीच्या खालच्या ओळी सगळ्या आत गेल्या. दादाच्या छपराचा चौकोन माझ्या नखाएवढा आहे. त्याला आत घेऊन रेघ वरून गेली तेव्हा हात जराही हलला नाही. याचंच मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

आवक-जावकमधली बेबीताई डोकावली. “काय गं, अशी तोंड पाडून का बसून राहिली?”

मी बोटाने दाखवलं.

“अगं बाई! माहेरच बुडवलंस की!” ती हसली, आणि मी हसले नाही हे पाहून तिने माझ्या टेबलावर आपल्या डब्यातली सेव ठेवली.

१९ एप्रिल, रविवार

चाळीत गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण बाहेरून कळण्याआधी मी सांगावं असं वाटलं.

“या या, नक्शेवाली बाई आली,” दादा म्हणाला. “कमल, खुर्ची दे. जीपमधून उतरतात त्या आता.”

“त्या दिवशी हातसुद्धा नाही हलवला,” वहिनी म्हणाली.

“साहेब होते ना गं.”

“साहेब होते म्हणून काय हात मोडला होता?”

मी सांगितलं. पट्टा मिळणार नाही. रेघ वरून जाते. दादाने हातातली चहाची बशी खाली ठेवली. मिल सुटल्यावर सांवेर रोडच्या एका भट्टीवर त्याने काही दिवस काढले, तिथून खोकला घेऊन परत आला. तेव्हापासून तो घरीच आहे आणि घर वहिनीच्या पापडांवर चालतं. माझा दादा बडबड्या होता. आता बोलायच्या आधी मनात काहीतरी उचलून ठेवतो असं वाटतं.

“मिलमध्ये होतो तेव्हा नाकात रुई,” तो म्हणाला, “आता नाकात पाणी. चला, बदल झाला.”

“मस्करी नका करू,” वहिनी म्हणाली. “इथून उठवलं तर कुठे जायचं?”

निघताना देवळात गेले. दगडाला नमस्कार करायला हात जोडले, आणि हात जोडलेले तसेच राहिले. शेंदराची खाच माझ्या छातीसमोर होती. परवा साहेबांच्या गडबडीत मी नुसता आकडा लिहिला, दगडाकडे नीट बघितलंच नाही. यावर मी बसत होते. पाय मातीत घाशीत.

संताजीकाका ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. बाबांच्या खात्यात ते मुकादम होते.

“काका, हा दगड इतका वर कधी आला?”

“दगड कधी आपणहून येतो काय? आम्ही आणला. मिल बंद झाली ना, त्याच्या पुढच्या वर्षी. पोरं रिकामी बसून राहिली होती, पत्ते कुटून राहिली होती. मी म्हटलं चला रे, हात विसरतील काम. देवळाचा ओटा बांधू. सगळ्या साळखात्याने, मागावरच्या लोकांनी मिळून बांधला. बघ कसा झाला!”

खरंच सुरेख झाला आहे. दगडांचे सांधे विणल्यासारखे बसवले आहेत.

“पण हा दगड?”

“देव वर गेला तर पाण्याला खाली कसं ठेवायचं? लोकांचे पाय लागायचे. पोरं बसायची त्यावर.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, कळलं नाही. “भटजी बोलावला, पूजा केली, रीतसर वर बसवला.”

“काका, ती खूण होती. पाणी कुठवर आलं त्याची.”

“मग? खूण तीच आहे. खाच तीच आहे. मी स्वतः शेंदूर भरतो दर सोमवारी.”

मी समजावून सांगितलं. दगड वर गेला म्हणून रेघ वर गेली, रेघ वर गेली म्हणून सगळी घरं आत गेली. काका तंबाखू मळायचे थांबले. म्हणाले, “म्हणजे आम्हीच?”

मी त्यांच्याजवळ ओट्यावर टेकले.

“साहेबाला येऊन सांगाल काका?”

“काय सांगू? देव हलवला म्हणून? आणि मग तो म्हणेल खाली ठेवा. मी नाही सांगणार पोरी. बसवलेला देव उतरवत नाहीत.”

२० एप्रिल

साहेबांना सांगितलं. सकाळभर धीर गोळा करत होते. ओगले साहेबांनी इतक्या वर्षांत मला नावाने हाक मारलेली नाही, ‘अहो, नक्शाच्या बाई’ एवढंच. वाटलं, म्हणतील की भाऊ तिथे राहतो म्हणून आली.

झालं उलटंच. त्यांनी उठून दार लोटलं. “बसा सुलोचनाबाई.” शिपायाला चहा सांगितला, कपबशीतला. टेबलावर नदीपलीकडच्या मिलच्या मैदानाचा मोठा नकाशा पसरलेला होता; माझ्या कपाला जागा व्हावी म्हणून त्यांनी तो स्वतः गुंडाळून बाजूला ठेवला.

“दगड किती खाली होता म्हणालात?”

“मी त्यावर बसायचे साहेब. पाय जमिनीला टेकायचे.”

“म्हणजे गुडघ्याच्या खाली.”

“लहान मुलीच्या गुडघ्याच्या.”

“तेच तर म्हणतोय मी. बघा, जैन बिचारा काय करणार, त्याला दगड दिसला तो त्याने मोजला. लेकिन आप तो गवाह हो! तुम्ही त्या मातीतल्या. मिलवाल्यांचं आता कुणी नाही बाई. आपणच.”

त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. माणसाला किती कमी ओळखतो आपण. मी त्यांना कोरडे समजत होते.

त्यांनी सांगितलं, मी एक लेखी निवेदन द्यायचं, दगड मूळ कुठे होता त्याचं. चाळीतल्या कुणी द्यायचं तर ‘स्वार्थ’ म्हणतील. मी कर्मचारी, शिवाय तिथे जन्मलेली. माझ्या शब्दाला वजन आहे म्हणाले.

२३ एप्रिल

जेवणं झाल्यावर नवऱ्याला, सुधाकरना, सांगितलं. ते शाळेच्या वह्या तपासत होते.

“ओगल्याने चहा पाजला? बिस्किटं होती का?”

“होती.”

“मग जपून.”

“तुम्हाला सगळ्यांतच काळंबेरं दिसतं.”

“मास्तर आहे मी. ज्याने अभ्यास केलेला नसतो तो पोरगा पेपरच्या दिवशी माझी सायकल पुसतो.” आणि पुन्हा लाल पेन घेऊन बसले.

मला राग आला. कुणी चांगलं वागलं की लगेच त्याच्या खिशात काय आहे ते बघायचं.

पण रागापेक्षा दुसरीच गोष्ट छळते आहे. मला आठवतं ते खरं आहे का? दगड खरंच तेवढा होता, की आई आठवते म्हणून दगडही तिच्या बाजूने आठवतो? आणि तिथे दादाचं घर नसतं, तर मला हे वाक्य आठवलं असतं का? संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी न्हाणीघरातल्या पाटावर बसून पाहिलं, मग उर्वीच्या अभ्यासाच्या स्टुलावर. पाय टेकतात, गुडघे वर येतात. उर्वी दारातून बघत होती. “आई, मम्मीगिरी सोडून हे काय करून राहिली?” तिला काय सांगणार? माझ्या पायांना विचारते आहे म्हणून?

५ मे

निवेदन दिलं.

शेवटी संताजीकाकाच उपयोगी पडले, त्यांच्याही नकळत. परत एकदा गेले होते तेव्हा ओट्याच्या मागच्या बाजूला, त्यांनी बांधताना न हलवलेला, जुन्या पायरीचा एक तुकडा शिल्लक दिसला. त्या पायरीवर दादा बसायचा, शेजारी दगडावर मी. आमचे खांदे जवळजवळ सारखे यायचे आणि तो मला ढकलायचा. पायरी खरी आहे, म्हणजे दगडही तेवढाच. जैननी त्या पायरीची पातळी घेतली. काका लांबून बघत होते. जवळ आले नाहीत.

सही करताना वाटलं, हे खरं आहे. माझ्या भावाला सोयीचं आहे, तरी खरं आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढे मलाच ते पटायला जड जाईल असं वाटतं. का वाटतं, ते कळत नाही.

२६ मे

वरून मंजुरी आली. इतक्या लवकर कुठली नस्ती हललेली मी पाहिली नव्हती. बेबीताई म्हणाली, “तुझ्या फाईलला पंख लावले होते काय गं कुणी?”

जुनी रेघ खरवडायला घेतली. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने अशी उचलायची की कागद जागा होता कामा नये. मग रबर, आणि शेवटी नखाने घासून गुळगुळीत करायचं, नाहीतर नवी शाई पसरते. उजेडाकडे धरलं की जुनी रेघ दिसतेच, दुधाच्या ओघळासारखी.

नवी रेघ मारली. दादाचा चौकोन बाहेर आला. मी पेन ठेवलं आणि पाणी प्यायले.

मग पलीकडचा काठ केला. पातळी म्हणजे पातळी. ती एका काठाला उतरते आणि दुसऱ्याला तशीच राहते असं होत नाही. तिकडे मिलचं मैदान सपाट, त्यामुळे रेघ पार नदीच्या कडेपर्यंत सरकली. ते काम मात्र चटकन झालं. मधे घरं नव्हती ना, वळणं घ्यावी लागली नाहीत.

साहेब मागे येऊन उभे होते. “सफाई है आपके हाथ में,” म्हणाले.

१४ जून, रविवार

पट्टे वाटले. मांडव, माईक, हार, सगळं. दादाचं नाव पुकारलं तेव्हा तो उठलाच नाही, वहिनीने कोपराने ढोसलं. कागद घेऊन आला आणि त्याने तो माझ्या हातात दिला. “तूच धर. माझे हात घामेजलेत.”

सगळ्या चाळीने मला पेढे भरवले. बायका म्हणत होत्या, पोरगी असावी तर अशी. मला लाज वाटत होती आणि गोडही वाटत होतं. दादा एकदम पहिल्यासारखा बोलू लागला. छत पक्कं करायचं, मागे वहिनीला पापडासाठी ओटा घालायचा, नळ आत घ्यायचा.

“आणि भिया, पैसे?” शेजाऱ्याने विचारलं.

“येतील रे. आता घर आपलं आहे तर पैसे पत्ता विचारत येतील!”

इतकं हसणं त्या दारात मी बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

संताजीकाकांना पाया पडायला गेले. दगड होता तिथेच आहे, वर, नवा शेंदूर लावलेला. त्यांनी आशीर्वाद दिला, पण म्हणाले, “कागदावर उतरवलास ना त्याला?”

“कागदावरच काका.”

“हं.” आणि बोटाने खाचेतला शेंदूर सारखा करू लागले.

५ जुलै, रविवार

पलीकडे मिलच्या मैदानावर भराव चालू आहे. ट्रक येतात, मुरूम ओततात, रोलर फिरतो. तिथे वसाहत होणार, मोठे प्लॉट, नदीकडे तोंड करून बंगले. बांधणारी पार्टी पलासियाची आहे, पैसेवाली, म्हणे. जमीन रस्त्याच्या बरोबरीला आणायची, म्हणजे बरीच उंच. नदीच्या कडेने मातीची भिंतच उभी राहिल्यासारखी दिसते.

आणि दादाला तिथे काम लागलं! ट्रक आत घ्यायचे, कुठे ओतायचं ते दाखवायचं, राखण करायची. गळ्यात शिटी, हातात छत्री. मला बघून त्याने मुद्दाम मोठ्याने शिटी वाजवली.

“ह्या हातांनी माग चालवले सुलू, आता ट्रक हाकून राहिलो. पण बघ, हात चालून तर राहिले!”

“खोकला?”

“माती आहे, रुई नाही. माती घरची असते.”

वहिनी म्हणाली, धूळ पापडांवर बसते, पण चालेल. तिने नवी साडी नेसली होती.

घरी येताना मला तो मैदानाचा नकाशा आठवला, साहेबांनी गुंडाळलेला. आणि मी मारलेली पलीकडची रेघ. जुनी रेघ राहिली असती तर या भरावाचा बराचसा भाग आतच आला असता. म्हणजे भराव झाला नसता. म्हणजे दादाला काम लागलं नसतं. असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. साहेबांना तरी तेव्हा कुठे ठाऊक असणार?

सुधाकरना हे बोलून दाखवलं नाही.

२७ जुलै

मोठा पाऊस नव्हता. तरी नदी चाळीच्या खालच्या गल्लीत येऊन गेली. वहिनी ऑफिसला फोन करून सांगत होती, “असं कधी नव्हतं हो वन्सं. एवढ्या पावसाला पाणी पूर्वी समोरच्या मैदानात जाऊन पसरायचं, म्हशी बसायच्या त्यात. आता तिकडे चढ झालाय, तर सगळं इकडेच येतं.”

मी नकाशा काढून बसले. मला हे दिसायला हवं होतं. रेघ सांगते की पाणी एकदा कुठे आलं होतं. पुढे कुठे येईल हे ती सांगत नाही. नदीचा एक काठ उंच केला की पाणी आपली जागा दुसरीकडे शोधणार, यासाठी काही मानचित्रकार व्हावं लागत नाही. मी एका नखाएवढ्या चौकोनाकडे बघत राहिले आणि बाकीचा सगळा कागद माझ्या हाताखालून गेला.

खोटं बोलले असते तर निदान पश्चात्ताप तरी सोपा झाला असता. मी खरं सांगितलं होतं.

३ ऑगस्ट, सोमवार

दुपारी बेबीताई धावत आली. “सुलोचना, तुझ्या चाळीत पाणी घुसलंय.” छत्री न घेताच निघाले.

देवळापाशी लोक दाटून उभे होते. खालच्या ओळीत कमरेएवढं पाणी. मला आत जाऊ देत नव्हते, गेले. दादाच्या घरात पलंगाच्या पट्ट्या बुडाल्या होत्या, पिठाचा डबा आडवा होऊन तरंगत होता. वहिनी टेबलावर चढून उभी होती. पट्टा तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी पदरात खोचला होता. तिला बाहेर काढताना तिने एकदाही घराकडे वळून पाहिलं नाही, सारखी कागद चाचपत होती.

“दादा कुठेय?”

तिने पलीकडे बोट दाखवलं.

तो भरावावर उभा होता. कोरडा, उंचावर, छत्रीखाली. मधला रपटा, नदीवरचा तो ठेंगणा पूल, बुडाल्यामुळे त्याला येता येत नव्हतं. तिथून त्याला आपलं दार दिसत असणार, दारातून वाहणारी आपली भांडी दिसत असणार. तो शिटी वाजवत होता. कुणाला, कशासाठी, त्यालाही सांगता आलं नसतं. एकसारखा वाजवत होता.

पाणी जुन्या पायरीवरून गेलं. मी जिथे बसायचे तिथून, आणि त्याच्याही वर. नव्या ओट्यावर मात्र चढलं नाही. संताजीकाका दगडाला टेकून बसले होते. “पाहिलंस?” मला म्हणाले. “वर बसवला म्हणून वाचला.”

माणसं सगळी वाचली. हे लिहून घेते, कारण पुढच्या वेळी असं लिहिता येईल याची खात्री नाही. मैदानाचा अजून अर्धाच भाग भरून झाला आहे.

५ ऑगस्ट

साहेबांकडे गेले. आज उभ्यानेच बोलावं लागलं, ते फार घाईत होते, कपबशी वगैरे काही नव्हतं.

“साहेब, यंदाचं पाणी दगडाच्या जुन्या जागेपेक्षा वर आलं. म्हणजे आता हेच सर्वांत वरचं पाणी. नियमाप्रमाणे रेघ पुन्हा काढायला हवी. मग पलीकडचा भरावही आत येईल, थांबवता येईल. मी लिहून देते.”

“तुम्ही कशा देणार? तुम्ही तिथे राहता का?”

“मे महिन्यात मी...”

“ते तुमच्या लहानपणाचं होतं, प्रत्यक्ष अनुभव होता. आता तुमचं म्हणणं ऐकीव धरलं जाईल. रहिवाशाने द्यायला हवं. ज्याच्या घरात पाणी गेलं त्याने, आपल्या सहीने.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण समजावून सांगा हं त्यांना. रेघ वर गेली की त्याच रेघेत त्यांचा पट्टा रद्द होतो. लोकांचं नुकसान व्हावं असं मला नाही वाटत.”

त्यांचं चूक म्हणता येत नाही. नियम तसाच आहे. मी परत येऊन टेबलाशी बसले. चाळीतल्या कुणीही सही करणार नाही. सगळे म्हणतात, यंदा असंच आलं, दरवर्षी थोडंच येणार आहे. मीच त्यांना कागद मिळवून दिला, मीच कुठल्या तोंडाने सांगू की तो बुडवा?

६ ऑगस्ट

दादाकडे जाऊन आले. घर सुकत घातलं आहे, गाद्या देवळाच्या ओट्यावर. भिंतींवर पाण्याची ओल जिथवर गेली तिथवर काळपट पट्टा उमटलाय, देव्हाऱ्याच्या फळीच्या थोडा खाली. दादा चुन्याची बादली घेऊन तोच पुसत होता.

“राहू दे की रे जरा.”

“का? लोकांना दाखवायचंय काय? घर आहे, धर्मशाळा नाही. चुना मारला की झालं.” मग जरा थांबून, “पार्टीने पुढच्या महिन्यापासून पक्कं करतो म्हटलंय मला. भराव संपला की वसाहतीची राखण. म्हातारपण निघेल.”

“दादा, तो भराव आहे म्हणून...”

“मला कळत नाही असं वाटतं तुला? मी तिकडे उभा होतो सुलू.” त्याने ब्रश बादलीत ठेवला. “पण इतकी वर्षं मी ह्या दारात बसून कोण येतं-जातं बघत होतो. ते पाणी तू नाही पाहिलंस.”

वहिनी पापडाचं पीठ मळत होती. तिने विषय बदलला. राखीला लवकर या, श्रीखंड करते म्हणाली.

राखीला जाणार. त्याआधी त्याने बाकीची भिंतही पांढरी केलेली असेल, पण मला माहीत आहे पाणी कुठे होतं, आणि त्यालाही माहीत आहे. काय मागायचं ते ठरवलंय. आमच्याकडे राहा म्हणणार आहेच, पण ते पुरेसं नाही, चाळीत बाकीचेही आहेत. माझ्या तोंडून ते निघताच वहिनीचा हात पदराकडे जाईल. दादा हसेल, मग हसायचं थांबेल, आणि नाही म्हणेल. म्हणायलाच हवं त्याने. घर, काम, चाळीतली इज्जत, सगळं एका सहीत जाणार. त्याच्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं. तरी त्याच्या मनगटाला गाठ मारून झाली की म्हणणार आहे:

दादा, यंदा ओवाळणीत साडी नको. पाणी कुठवर आलं होतं ते लिही, आणि खाली सही कर.